घर तेच, सरकार चौथं

मोबाइल काढून ठेवा. मनगटावरचं घड्याळही. पाकिटातल्या नोटा तर आधी काढा. आपण निघालो आहोत तिथं नोटेवर गांधी नाहीत, आणि डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिपाई दोनदा वळून बघतो. चपलाही राहू द्या. तुमचं वय आता बारा आहे, आणि बारा वर्षांच्या पोराला चपला घेऊन देणारी घरं हिंगोलीत मोजकीच आहेत. सदऱ्याची एक गुंडी तुटली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

निघण्याआधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. राज्यशास्त्राच्या तासाला फळ्यावर रकाने पडतात. राजेशाही, लष्करशाही, लोकशाही. प्रत्येकाखाली वैशिष्ट्यं, गुण, दोष. पोरं ती घोकतात, पेपरात ओततात आणि निकाल लागेपर्यंत विसरतात. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात हे चालून जाईल. हिंगोलीत असा फळा दिसला की माझी चुळबुळ सुरू होते. इथल्या एका पिढीनं घर न बदलता चार सरकारं बघितली, आणि पाचवं पैनगंगेच्या पलीकडच्या काठाला होतं. तुलना शिकवायला आणखी काय पाहिजे? म्हणून आज फळा पुसला आहे. चला, गाडीत बसा.

गाडी म्हणजे बैलगाडी. वाशीमहून हिंगोलीकडे निघालेली. तुम्ही मामाच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर पालथे पडला आहात. कोऱ्या धोतरांच्या खळीचा वास नाकात शिरतोय, खाली आसाला घातलेल्या वंगणाचा वास आहे, आणि समोर दोन बैल शेपट्यांनी माश्या हाकलत चालले आहेत. ऊन असं की गठ्ठ्याच्या सुतळीला हात लावला तरी चटका बसतो. पैनगंगेचं पात्र आलं. पाणी डबक्यांपुरतं उरलंय, बाकी वाळू. चाकं रुतली, गाडीवानानं शिवी हासडली, तुम्ही खाली उडी मारली आणि तळपाय भाजले म्हणून एका पायावर नाचायला लागलात. नदी ओलांडताना मामा हळूच म्हणतो, "आता तोंड बंद. कोणी काही विचारलं तर तुला काही ठावं नाही."

मागं राहिला तो वऱ्हाड, इंग्रजांच्या अमलातला. पुढं दिसतो तो निजामाचा मुलूख. खरं तर कागदोपत्री वऱ्हाडसुद्धा निजामाचाच. त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा झोकदार किताब आहे. पण वाशीमच्या बाजारात त्या प्रिन्सला कोणी ओळखत नाही, कारण कारभार चालतो नागपुरातून. त्या बाजूला मतदान होतं, हेही लक्षात ठेवा. मत मात्र सगळ्यांना नाही. सारा भरणाऱ्याला आहे, शिकलेल्याला आहे. मामाला मत आहे. जो चाक वाळूतून उचलतोय त्या गाडीवानाला नाही.

आणि हा आला कनेरगावचा नाका. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला झापाची सावली, सावलीत एक डुगडुगतं मेज. मेजावर वही, दौत, बिडीचं थोटूक. पुढं दहा-बारा गाड्यांची रांग. बैल एकमेकांच्या मानेला मान घासतायत, घुंगरं वाजतायत, एका गाडीतलं लेकरू रडतंय, आणि करोडगिरीचा शिपाई कोणाची तरी गठडी काठीनं उपसतोय. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचं जकात खातं. बाहेरून माल आला की शेकडा पाच.

"क्या है रे इसमें? खोल."

मामा खोलतो. धोतरं, काड्यापेट्या, साबणाच्या वड्या. माल साठ कलदारांचा ठरतो. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. जकात झाली तीन कलदार. पण इथलं सरकार हाली सिक्क्यात पैसे मोजतं, आणि सहा कलदारांना सात हाली असा हिशेब आहे. मामा तुमच्याकडे बघतो. बोला, तीन कलदारांचे हाली किती? साडेतीन. शाबास. तुम्ही आत्ताच दोन सरकारांमधलं गणित तोंडी सोडवलंत, आणि पाढे कशासाठी म्हणून यापुढे विचारणार नाही. मोड परत आली ती तळहातावर घेऊन बघा: रुपयावर चारमिनार, भोवती फारसी अक्षरं, आणि चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अली खानांच्या नावातलं पहिलं अक्षर. राजा तुमच्या तळहातावर आला. जरा ऊबदार आहे, घामानं.

आता तुमची पाळी. "तेरे हाथ में क्या है?" मामीनं बांधून दिलेली भाकर आणि ठेचा. शिपाई पुडकं सोडतो. भाकर ठीक आहे. पण ती ज्यात गुंडाळली आहे तो कागद म्हणजे नागपूरकडचं वर्तमानपत्र. बाहेरच्या कितीतरी वर्तमानपत्रांना या मुलखात बंदी आहे. शिपायाला मराठी वाचता येत नसावं, तरी तो कागद उलटासुलटा करून बघतो, घडी घालतो आणि मेजाखाली टाकतो. उघडी भाकर तुमच्या हातावर ठेवतो. बातमी जप्त झाली, जेवण सुटलं. ठेच्याचं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय, चाटून घ्या.

पुस्तकातल्या 'विचारस्वातंत्र्य' या शब्दावर माझा राग नाही. पण भाकरीचा कागद काढून घेतलेल्या पोराला त्याची व्याख्या द्यावी लागत नाही, एवढंच म्हणतो.

हिंगोलीत पोचेपर्यंत तिन्हीसांज. स्टेशनात पूर्णेहून आलेली गाडी उभी आहे. छोट्या रुळांची ही लाइन इथं येऊन संपते, पुढं रूळच नाहीत. इंजिनाच्या कोळशाचा धूर, जिनातल्या सरकीचा तेलकट वास, चुलीवर भाजणाऱ्या भाकरीचा खरपूस वास, असं सगळं एकदम अंगावर येतं. कुठून तरी अजान ऐकू येते आणि आपल्या ओसरीवर आजी हरिपाठ म्हणत बसली आहे. संत नामदेवांचं नर्सी इथून जवळच, त्यामुळे आजी नामदेवांबद्दल शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलते. रात्री अंगणात बाजेवर पडाल तेव्हा डास चावतील, ते मात्र सगळ्या राजवटींत सारखेच.

सकाळी शाळा. साल कोणतं, असं मास्तरांना विचाराल तर ते तेराशे पंचावन्न म्हणतील. घाबरू नका, सहाशे वर्षं मागं आलेलो नाही. सरकारी पंचांग फसली आहे. महिनाही वैशाख किंवा एप्रिल नाही, खुरदाद. आणि सुट्टी शुक्रवारी. वाशीमच्या मामेभावाला सुट्टी रविवारी, तुम्हाला शुक्रवारी. नदीच्या दोन काठांवरची दोन पोरं सुट्टीच्या दिवशी एकत्र विटीदांडू खेळू शकत नाहीत, आणि याचं कारण दोघांनाही कोणी सांगितलेलं नाही.

पटांगणात रांगा लावा. पिवळा झेंडा, त्यावर पांढरी चकती. लोक म्हणतात तो कुलचा आहे, एका फकिरानं पहिल्या निजामाला दिलेला. हुजूर निजामांना दीर्घायुष्य मिळो, राज्य अखंड राहो, अशी उर्दू प्रार्थना तुम्ही खड्या आवाजात म्हणता. अर्थ सगळा कळत नाही. चाल छान आहे, म्हणून जोरात म्हणता. मग वर्ग. अंक मांडायचे ते 'हिसाब'च्या तासाला, नद्या पाठ करायच्या त्या 'जुग्राफिया'च्या तासाला, आणि 'तारीख' म्हणजे इतिहास. खालच्या इयत्तांत मराठी होती. तहतानिया संपवून वस्तानियात आलात, मराठी घरी राहिली. तुम्ही मनात मराठीत बेरीज करता, उर्दूत उत्तर देता, आणि एखादा आकडा मध्येच भाषा चुकून दुसऱ्या बाजूला जाऊन पडतो. शेजारच्या बाकावरचा पोरगा, ज्याची घरची बोलीच दखनी आहे, तुम्हाला कोपरानं ढोसून उत्तर सांगतो. त्या बदल्यात तुम्ही त्याला बोरं देता.

मौलवीसाहेब चांगले आहेत. दाढीला मेंदी, अंगाला अत्तराचा मंद वास, हातात छडी, पण छडी बहुतेक मेजावरच वाजते. आज तारीखच्या तासाला आसफजाही घराण्यातले एकामागून एक निजाम सांगून झाले आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, "साहब, हुजूरनी चुकीचं केलं तर त्यांना कोण बोलतं?"

वर्ग गप्प. पंख्याशिवायच्या खोलीत घामाचे थेंब पाटीवर पडलेले ऐकू येतील एवढा गप्प. मौलवीसाहेब तुमच्याकडे बघतात, खिडकीबाहेर बघतात, छडी मेजावर आपटतात आणि म्हणतात, "अगला सबक निकालो." रागावलेले दिसत नाहीत. राज्यशास्त्राचा त्या वर्षातला सर्वांत चांगला प्रश्न तुम्ही विचारलात आणि सर्वांत प्रामाणिक उत्तरही तुम्हाला मिळालं.

दुपारी वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, तहसील कचेरीत जायचं आहे. हिंगोली अजून जिल्हा नाही, परभणी जिल्ह्याचा तालुका. जिल्ह्याचा साहेब म्हणजे अव्वल तालुकदार तिकडं परभणीत बसतो. गल्लीतल्या चौघांच्या मनात आहे की एक मराठी वाचनालय काढावं. पुस्तकं जमली आहेत, कपाट मिळालंय, जागा विठोबाच्या देवळाची ओवरी. पण चार माणसं एकत्र जमायची म्हटली की परवानगी हवी. सभा घ्यायची तर आधी सरकारला सांगा, असं फर्मावणारी एक गश्ती, म्हणजे परिपत्रक, आहे, निशाण ५३. मोठ्या माणसांच्या बोलण्यात ती सारखी येते. वाचनालय म्हणजे सभा नव्हे, पण 'नव्हे' हे कोणी ठरवायचं?

कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस बसलेत. लाकडी पेटी, बरू, शाईची दौत, कागदावर वाळू टाकून शाई सुकवायची डबी. लिंबाची वाळलेली फुलं कागदावर पडतायत. माणसं उकिडवी बसून आहेत. कोणी पानाची पिचकारी टाकतंय, कोणी माठातलं पाणी ओंजळीनं पितंय, एक म्हातारी पदराच्या गाठीतून नाणी सोडवतेय. अण्णा मराठीत सांगतात, अर्जनवीस उर्दूत लिहितो, उजवीकडून डावीकडे, झरझर. दोन पानं भरतात. अण्णा कागद हातात घेऊन बघत राहतात.

"काय लिहिलंत?"

"जे तुमच्या मनात आहे तेच."

अण्णा खाली मोडीत सही करतात. स्वतःचा अर्ज त्यांना वाचता येत नाही. आत पेशकार अर्ज घेतो, ढिगावर ठेवतो, "देखेंगे" म्हणतो. नाही मिळाली परवानगी तर? परभणीला साहेबाकडे. तिथं नाही झालं तर? सुभेदाराकडे. मग? हैदराबादेत. मग? मग हुजूर. आणि हुजूरच्या वर दाद मागायची तर आजीच्या विठ्ठलाकडे.

एक गोष्ट मात्र न्यायानं सांगतो, नाहीतर तुम्ही घरी जाऊन म्हणाल की निजामाच्या काळात नुसता अंधार होता. तुम्ही काल धूर खाल्लात ती रेल्वे सरकारी मालकीची आहे. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ आहे, तिथं इंग्रजीऐवजी देशी भाषेत विज्ञान शिकवतात. ती देशी भाषा तुमची नाही, एवढीच अडचण. आणि दसऱ्याला या. खाकीबाबा मठाचा दसरा इथं या निजामाच्या बापजाद्यांच्या काळापासून चालत आलाय. मैदानावर जिलेबीच्या कढया, कुस्तीच्या फडातली तांबडी माती, बायकांच्या केसांतली झेंडूची फुलं, आणि गर्दीत अत्तरवाल्यापासून फुगेवाल्यापर्यंत निम्मे मुसलमान. त्या दिवशी निजामाच्या राज्यातला तो तालुका कोणाचा आहे हे बघून ओळखता येत नाही. राजवट आणि गाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पोरांना सांगायला विसरू नका. रकान्यांत ते येत नाही.

आता उडी मारू. तुम्ही चौदा वर्षांचे आहात, ओठांवर लव आली आहे, आणि पाऊस लागलाय.

गेले कित्येक महिने दार लवकर लागतं. रस्त्यावरून निजामाच्या बाजूचे, खाकीतले रझाकार घोषणा देत जातात. भाल्यांचे दांडे दगडांवर आपटल्याचा आवाज आत ऐकू येतो आणि आजी चूल विझवते, धूर दिसू नये म्हणून. उमरखेडकडे, सरहद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प आहेत असं मोठी माणसं कुजबुजतात. कितीतरी घरं रातोरात नदी ओलांडून गेली. मामाच्या वाशीमच्या घरात म्हणे बसायला जागा नाही, ओसरीवर तीन गावांची माणसं झोपतात. तीच पैनगंगा, तोच नाका. पण आता पलीकडे जाणारा माणूस कापड आणायला जात नाही, जीव न्यायला जातो.

मग सप्टेंबरातले ते पाच दिवस, भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली ते. तुम्हाला त्यातलं काहीच दिसत नाही. तुम्ही घरात कोंडलेले आहात. कौलातून पाणी गळतंय, ओल्या गोधडीचा कुबट वास, तेच तेच पिठलं. बातम्या भिंतीपलीकडून येतात, अर्ध्या. शेवटी एका सकाळी रस्त्यावर गाड्यांची घरघर, डिझेलचा उग्र वास, चिखलात टायरांच्या रुंद नक्ष्या. हिरव्या गणवेशातले जवान. कोणीतरी ओरडतं, "आले! आपले आले!" तुम्ही उघड्या पायांनी चिखलात धावता. गुलाल कुठून आला कळत नाही, पण पावसात तो भिजून सगळ्यांच्या सदऱ्यांवर लाल ओघळ उतरलेत. शाळेवरचा पिवळा झेंडा उतरलाय.

लोकशाही आली? थांबा, घाई करू नका. आले ते जनरल जे. एन. चौधरी, लष्करी गव्हर्नर. आता संचारबंदी आहे. दिवे लागायच्या आत घरी. हुकूम निघतो आणि लगेच लागू होतो, निजामाच्या कचेरीपेक्षा कितीतरी वेगानं. अण्णांना वाटतं, आता आपला अर्ज मार्गी लागेल. ते तहसीलीत जातात. तिथं नवा साहेब आहे. तो अदबीनं बोलतो आणि सांगतो, नवीन अर्ज द्या, इंग्रजीत. अण्णा पुन्हा लिंबाखाली. अर्जनवीसही बदललाय, हा डावीकडून उजवीकडे लिहितो. अण्णांना हाही अर्ज वाचता येत नाही. सही त्यांनी पुन्हा मोडीतच केली.

आणि एक गोष्ट गुलालाच्या गडबडीत राहून जाऊ नये. शाळा उघडते तेव्हा मौलवीसाहेबांची खुर्ची रिकामी असते. बोरांच्या बदल्यात उत्तर सांगणारा पोरगाही येत नाही. त्यांच्या दाराला कुलूप आहे. कुठं गेले, कोणी सांगत नाही, विचारलं की मोठी माणसं विषय बदलतात. मराठवाड्याच्या कितीतरी गावांत त्या आठवड्यांत निरपराध मुसलमान मारले गेले. त्याची चौकशी करायला दिल्लीनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली आणि तिचा अहवाल कैक वर्षं बंद राहिला. आधी आपली आजी चूल विझवत होती, आता दुसऱ्या गल्लीतली दुसरी आजी. तुलनेच्या तक्त्यात हे कुठं लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण लिहिल्याशिवाय पान उलटू नका.

आता डोकं खाजवायला लावणारी गंमत. जहागिरी मोडल्या त्या १९४९ साली, म्हणजे याच लष्करी अमलात. पिढ्यान्‌पिढ्या जहागीरदारांच्या ताब्यात असलेली गावं सरकारात आली, आणि हे एकाही निवडून आलेल्या माणसानं केलेलं नव्हतं. पुढं १९५० च्या जानेवारीत वेलोडी नावाचे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. त्यांनाही कोणी निवडलं नव्हतं, दिल्लीनं नेमलं होतं. कुळांना हक्क देणारा हैदराबादचा मोठा कायदा त्यांच्याच काळातला. आणि राज्याच्या शिरोभागी राजप्रमुख म्हणून बसले ते कोण? मीर उस्मान अली खान. तेच. देश प्रजासत्ताक झाला, राज्यघटना लागू झाली, आणि तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे, वाण्याच्या दुकानात गूळ घ्यायला उभे आहात तेव्हा तळहातावर अजूनही चारमिनारचाच रुपया आहे. हाली सिक्का बाजारातून जायला त्या दशकाचा शेवट उजाडला. सांगा, हे कोणत्या रकान्यात टाकणार? वर्गात हा प्रश्न टाकून पाच मिनिटं गप्प बसा. हुशार पोरं आधी भांडतील, मग तुमच्याशी भांडतील. तेच हवं आहे.

आणखी एक उडी. १९५२. तुम्ही अठरा वर्षांचे, आणि मतदानाचं वय एकवीस, म्हणजे तुम्हाला मत नाही. आजीला आहे. तुमचं काम तिला हाताला धरून नेण्याचं.

शाळेबाहेर रांग. तीच शाळा, जिथं तुम्ही दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणत होता. सावकार, त्याच्या मागं त्याचा सालदार, त्याच्या मागं गावकुसाबाहेरचा म्हातारा, ज्याला याआधी कोणी रांगेत आपल्या मागं-पुढं उभं केलं नव्हतं. उन्हात नऊवारी लुगड्यांचा, तंबाखूचा, खोबरेल तेलाचा वास मिसळलाय. कोणी कोणाला पुढं जाऊ देत नाही. सावकार दोनदा घसा खाकरून पुढं सरकायला बघतो. शिपाई त्याला मागं करतो. सालदार खाली बघून हसतो. त्या हसण्यासाठी मी हा सगळा प्रवास आखला आहे, नीट बघून घ्या.

मेजापाशी कारकून विचारतो, "आजी, नवऱ्याचं नाव?"

आजी पदर तोंडावर घेते. नवऱ्याचं नाव घ्यायचं? भर शाळेत? त्या निवडणुकीत उत्तरेकडच्या राज्यांतल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं म्हणून त्यांची नावं यादीतून गळाली होती. देशभरात मिळून सुमारे २८ लाख. आमच्या आजीचा नकार उलट्या बाजूचा. कारकून पुन्हा विचारतो. रांग खोळंबली आहे. शेवटी आजी नाव घेते, पण उखाण्यात, आणि सगळी रांग खो-खो हसते, कारकूनसुद्धा.

बोटाला शाई लागते. हातात कागद येतो, एक रुपयाच्या नोटेएवढा. त्यावर शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही. आत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आहे, पेटीवर चिन्ह, ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. दारापाशी आजी थांबते.

"निजामाची पेटी कोणती?"

"त्याची पेटी नसते, आजी."

"कामून?"

याचं उत्तर तुम्ही अठरा वर्षांचे असूनही चटकन देऊ शकत नाही. मग ती दुसरं विचारते, हळू आवाजात. "मी कोणत्या पेटीत टाकलं ते तुझ्या बापाला कळंल का?"

"नाही. कोणालाच कळत नाही."

आजी पदर सारखा करते आणि आत जाते. बाहेर आल्यावर तुम्ही विचारता, कोणाला टाकलं? ती सांगत नाही. मरेपर्यंत तिनं सांगितलं नाही.

म्हणून काही सगळं आलबेल झालं नाही. निवडून आलेल्यांचं मंत्रिमंडळ हैदराबादेत बसलं, बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले, आणि अण्णांचा तिसरा अर्ज चौथ्या ढिगात गेला. वाचनालय मात्र तोवर कोणाला न विचारता ओवरीत सुरू झालं होतं, कारण आता विचारायची गरज नाही असं गल्लीतल्या पोरांनी परस्पर ठरवून टाकलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं सरकारचा कारभार मराठीत व्हायचं ठरलं. स्वतःच्या सहीवरचा मजकूर वाचायला अण्णांना राजे, जनरल, सनदी साहेब आणि तीन राज्यं बघावी लागली. हिंगोली स्वतः जिल्हा झाली १ मे १९९९ ला.

आता परत या. चपला घाला, मोबाइल घ्या. तळपायांची आग संध्याकाळपर्यंत जाईल.

हे वर्गात कसं करायचं, एवढं सांगून थांबतो. व्याख्या शेवटी द्या. आधी खिडकीपाशी उभं करा. वर्गाच्या एका कोपऱ्यात कनेरगावचा नाका मांडा, दुसऱ्यात निजामाची कचेरी, तिसऱ्यात लष्करी साहेबाचं मेज, चौथ्यात मतदान केंद्र. प्रत्येक पोराला एकच अर्ज द्या, वाचनालयाचा, आणि चारही मेजांपुढं रांगेत उभं करा. अर्ज कोणत्या भाषेत लिहावा लागला, नाही म्हणायचा अधिकार कोणाला होता, आणि नाही म्हणणाऱ्याला खुर्चीवरून कोण उठवू शकत होतं, एवढंच वहीत लिहायला लावा. मग खरा अर्ज करायला लावा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज होतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गावातल्या एखाद्या रखडलेल्या कामाबद्दल गुरुजींनी स्वतःच्या सहीनं करावा, मजकूर पोरांनी लिहावा. तीस दिवस मोजू द्या त्यांना. उत्तर आलं नाही तर अपील कुठं करायचं तेही शोधू द्या. तो शोध म्हणजेच धडा आहे. आणि घरी जुनी ट्रंक असेल तर उघडायला सांगा. आरक्षणासाठी निजामकाळातल्या नोंदींची, हैदराबाद गॅझेटची मराठवाड्यात केवढी शोधाशोध झाली ते पोरांनी बातम्यांत ऐकलंय. उर्दूतला किंवा मोडीतला एखादा कागद आपल्याच ट्रंकेत निघाला तर वर्गात त्या दिवशी कोणी जांभई देणार नाही.

१७ सप्टेंबरला आपल्याकडं शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, भाषणं होतात आणि दहा वाजता पोरं घरी जातात. गुरुजी, बाई, यंदा त्यांना एक तास थांबवा. मेजं तुमच्याकडं आहेतच.